बदली नव्हे, बैठक : प्लास्टिक सर्जन कसा घडतो?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कुंभकोणम येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



व्याख्यानाचे निमंत्रण देताना मंडळाने आम्हांला विषयही ठरवून दिला, हे बरे झाले. चिटणिसांनी पत्रात लिहिले होते की, मंडळातील एका कुटुंबाची कन्या प्लास्टिक सर्जरीच्या उच्च शिक्षणासाठी दूरच्या शहरी गेली आहे आणि तिच्या मातोश्रींना एक काळजी लागून राहिली आहे. दर दोन-तीन महिन्यांनी मुलगी फोनवर सांगते, ‘आई, आता माझी नेमणूक दुसऱ्या वॉर्डात झाली.’ मातोश्रींच्या यजमानांचा जन्म सरकारी नोकरीत गेला. तेथे वारंवार बदली म्हणजे साहेबांची गैरमर्जी, हे त्यांनी पाहिलेले. तेव्हा मुलीचे काही चुकते आहे काय, एवढे डॉक्टरांनी सांगावे, असा तो निरोप होता.

पत्र वाचून आम्हांला प्रथम हसू आले. मग आठवले की आम्ही शिकत असताना आमच्या मनातही हाच प्रश्न होता. एका विभागात हात जरा बसतो न बसतो तोच तेथून उचलून दुसरीकडे का टाकतात, हे आम्हांला तेव्हा उमगत नसे. उमगावयास बरीच वर्षे लागली. आज त्या मातोश्रींना जे उत्तर द्यावयाचे, तेच आम्ही आपणां सर्वांसमोर मांडणार आहोत.

आरंभी या विद्येच्या नावाविषयी दोन शब्द. प्लास्टिक सर्जरीतील ‘प्लास्टिक’चा बादली-डब्यांच्या प्लास्टिकशी काहीही संबंध नाही. ग्रीक भाषेतील घडविणे, आकार देणे या अर्थाच्या शब्दावरून ते नाव आले. मराठीत तिला ‘सुघटन शल्यचिकित्सा’ असा सुरेख प्रतिशब्द आहे. या विद्येचा एक फार मोठा धागा आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळच्या एका वीटकरी जातीच्या वैद्याने त्याला नवे नाक करून दिले. त्या वैद्याचा उल्लेख पुष्कळदा कुंभार म्हणूनही केला जातो. त्याने प्रथम मेणाचा एक पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा केला, तो कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ ओढली, त्या रेघेवरून कातडी सोडविली आणि दोन्ही भुवयांमधला देठ तसाच ठेवून ती खाली वळवून नाकाच्या जागी बसविली. सुमारे पंचवीस दिवसांनी नवे नाक तेथे रुजल्यावर मगच तो देठ कापला. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकात तिचा वृत्तांत चित्रासह छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनाने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर ग्रंथ लिहिला.

ज्या गावाच्या नावातच कुंभ आहे आणि जेथून हाकेच्या अंतरावरील स्वामीमलैचे स्थपती आजही आधी मेणाची मूर्ती घडवून मग पंचधातू ओततात, त्या गावात त्या अनाम कारागिराची आठवण करणे आम्हांला उचित वाटते. मेणाचा नमुना आधी आणि सुरी नंतर हा त्याचा क्रम आजही मोडलेला नाही. आजही शिकाऊ डॉक्टरला कातडीला हात लावण्यापूर्वी कापडाचा वा कागदाचा नमुना करून तो रुग्णाच्या अंगावर फिरवून पाहावयास शिकवितात.

त्या वैद्याला ही विद्या घरातून मिळाली असावी. आज ती घरातून मिळत नाही, रुग्णालयातून मिळते. भारतात प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभारला, ही गोष्ट प्रत्येक मराठी माणसाने लक्षात ठेवावी. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी हे काम वाढविले. इंग्लंडात सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या सर्जनाने पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरुग्णांचे चेहरे आणि हात दुरुस्त करण्यात कारकिर्दीची आरंभीची वर्षे घालविली. आपल्या तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे स्नायूंच्या दोऱ्या एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन सरळ करण्याची पद्धत रूढ केली. सारांश, आपल्या देशात या विद्येची उभारणी रूपवानांना अधिक रूपवान करण्यासाठी झाली नाही. समाजाने ज्यांच्याकडे पाठ फिरविली, त्यांच्या खाटेशी ती झाली.

आता शिक्षणाचा हिशेब सांगतो. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि आंतरवासितेचे एक वर्ष. त्यानंतर सामान्य शस्त्रक्रियेतील एम.एस.ची तीन वर्षे. त्यानंतर अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा आणि मग प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच.ची तीन वर्षे. एकही वर्ष वाया न जाता ही बेरीज साडेअकरा वर्षांची होते. अठराव्या वर्षी महाविद्यालयात शिरलेली मुलगी तिशीच्या उंबरठ्यावर बाहेर पडते. बरोबरीच्या मैत्रिणींची मुले तोवर शाळेत जाऊ लागलेली असतात. आईवडिलांनी ही बेरीज आधीच समजून घेतलेली बरी.

शेवटच्या तीन वर्षांत निवासी डॉक्टर एका जागी बसत नाही. भाजलेल्यांचा वॉर्ड, अपघात विभाग, हाताच्या शस्त्रक्रिया, जबडा व चेहरा, दुभंगलेले ओठ आणि टाळू, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरची पुनर्रचना, सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया आणि सौंदर्यशस्त्रक्रिया अशा फेऱ्या त्याला कराव्या लागतात. कोठे क्रम वेगळा असेल, कोठे मुदत वेगळी असेल. पण फेरी कोणालाच चुकत नाही. ती का, हे प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी थोडे थांबून पाहू.

पहिला वॉर्ड भाजलेल्यांचा. येथे यावयास कोणी उत्सुक नसतो. सौंदर्यशस्त्रक्रियेच्या नेमणुकीकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात आणि भाजलेल्यांच्या वॉर्डाची पाळी लागली की चेहरे उतरतात. आमचेही उतरले होते. तेथे पहिल्याच दिवशी निवासी डॉक्टर शिकतो तो गुणाकार. मोठ्या माणसाचे डोके म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचे नऊ टक्के, एक हात नऊ, एक पाय अठरा. लहान मुलाचे डोके मात्र प्रमाणाने मोठे आणि पाय लहान, म्हणून त्याचा तक्ता निराळा. वजन, भाजल्याची टक्केवारी आणि चार मिलिलिटर यांचा गुणाकार करावयाचा. वीस किलो वजनाचे मूल तीस टक्के भाजले असेल, तर पहिल्या चोवीस तासांत दोन हजार चारशे मिलिलिटर सलाईन, शिवाय मुलाची रोजची गरज वेगळी. त्या चोवीसशेपैकी निम्मे पहिल्या आठ तासांत द्यावयाचे. हे आठ तास मूल रुग्णालयात पोहोचल्यापासून धरावयाचे नसतात, भाजल्याच्या क्षणापासून धरावयाचे असतात. वाटेत दोन तास गेले, तर हाती उरले सहा. हा गुणाकार पुढे तासातासाला लघवीच्या मापावरून तपासून दुरुस्त करावा लागतो. निवासी डॉक्टर रात्रभर जागतो तो याचसाठी.

हा हिशेब या गावात सांगताना आमचा आवाज जड होतो. १६ जुलै २००४ रोजी याच कुंभकोणमच्या काशीरामन रस्त्यावरील शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली. ती वर्गाच्या झावळ्यांच्या छपराला भिडली आणि चौऱ्याण्णव मुले गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये येथे महामहम भरला होता. ज्या गावाने लाखो यात्रेकरूंना स्नान घडविले, त्याने चार महिन्यांनी आपल्या मुलांना पोचविले. सभागृहातील कित्येकांनी तो दिवस पाहिलेला आहे. त्यावर अधिक बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. वैद्य म्हणून मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. अशा आगीतून जे मूल वाचते, त्याची शस्त्रक्रिया एकदा होऊन संपत नाही. मूल वाढते, पण भाजल्याचा व्रण त्याच्याबरोबर वाढत नाही. सातव्या वर्षी सरळ केलेला कोपर अकराव्या वर्षी पुन्हा आखडतो, मान पुन्हा खाली ओढली जाते. उंचीचे प्रत्येक बोट वाढले की व्रण आपले मागणे पुढे करतो. म्हणून अशा मुलाचा सर्जन त्याच्याबरोबर वर्षानुवर्षे चालतो. वर्तमानपत्राला ती बातमी आठवडाभर पुरते.

याच वॉर्डात आमच्या हातून घडलेली एक चूक येथे प्रांजळपणे सांगतो. आम्ही शिकत होतो. सात वर्षांच्या एका मुलीच्या कोपराचा आखडलेला व्रण मोकळा करून तेथे मांडीची पातळ कातडी लावली होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. रात्री पट्टी जराशी ओलसर दिसली. आम्ही ती पाहिली आणि ‘सकाळी बघू’ म्हणून पुढच्या खाटेकडे गेलो. लावलेली कातडी पहिले दोन दिवस खालच्या ओलाव्यावर जगते. मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. मध्ये रक्त साचले तर त्या शिरू शकत नाहीत. पाचव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा निम्मी कातडी काळी पडलेली होती. आमचे गुरू रागावले नाहीत. पुढील सहा आठवडे त्या मुलीची प्रत्येक पट्टी आम्हीच बदलावी, एवढेच ते म्हणाले. पुन्हा कातडी घ्यावी लागली, तीही त्याच मांडीची. त्या दिवशी मुलीने विचारले, “डॉक्टर, माझ्या मांडीची कातडी संपली तर?”

ती संपत नाही; पातळ थर काढला तर दोन आठवड्यांत खालून नवा येतो. आम्ही तसे तिला सांगितलेही. परंतु तिचा प्रश्न आमच्याबरोबर राहिला. कारण आमच्या संपूर्ण शास्त्राचे मर्म त्यात होते. प्लास्टिक सर्जन नवे काहीच निर्माण करीत नाही. तो शरीराच्या एका भागाकडून उसने घेतो आणि दुसऱ्याला देतो. काय घ्यावयाचे, कोठून घ्यावयाचे, आणि जेथून घेतले तेथे काय उरले, या तीन प्रश्नांचा हिशेब म्हणजे ही विद्या. आपल्यापैकी पुष्कळांची घराणी विटा, खानापूर, आटपाडी या भागातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी इकडे आली. मुशीतून काढलेल्या सोन्याची घट किती आली हे पाहिल्यावाचून गलाईवाला काटा ठेवीत नाही. तसेच हे आहे.

आता फेऱ्यांचे कारण ध्यानात येईल. प्रत्येक वॉर्ड निवासी डॉक्टरला शरीराचा एकेक सावकार ओळखावयास शिकवितो. हाताच्या विभागात त्याला कळते की मनगट वाकविणाऱ्या अनेक स्नायूंपैकी एकाची दोरी काढून ती बोटाला दिली, तरी मनगटाचे फारसे अडत नाही. कुंभकोणमजवळ साकोट्टईला कुष्ठरुग्णांचे जुने रुग्णालय आहे. तेथल्यासारख्या रुग्णांच्या हातांनीच देशातील सर्जनांना हा धडा दिला. शस्त्रक्रियेनंतर त्या बोटाला नवे काम शिकवावे लागते. मेंदूला वाटत असते की आपण मनगट वाकवितो आहोत, आणि वाकते बोट. महिनाभराच्या व्यायामानंतर एखादा वृद्ध जेव्हा स्वतःच्या हाताने शर्टाची गुंडी लावतो, तेव्हा त्याचे श्रेय व्यायाम देणाऱ्या भगिनीचे असते, सर्जनाचे निम्मेच.

सूक्ष्मदर्शकाखालच्या शस्त्रक्रियेत दोन मिलिमीटर रुंदीच्या, कधी त्याहूनही बारीक रक्तवाहिन्या केसाहून बारीक धाग्याने जोडाव्या लागतात. निवासी डॉक्टर प्रथम रबराच्या हातमोज्याच्या तुकड्यावर टाके घालतो, मग कोंबडीच्या तंगडीतील रक्तवाहिनीवर, आणि शेकडो टाके झाल्यावर त्याला रुग्णाजवळ उभे करतात. हात कापू नये म्हणून त्या दिवशी कॉफी वर्ज्य. डिग्री कॉफीच्या गावात हे सांगणे धारिष्ट्याचे आहे, याची आम्हांला जाणीव आहे! जोडलेले बोट पहिले काही दिवस तासातासाला पाहावे लागते. रंग बदलला की रात्री तीन वाजता पुन्हा टेबलावर. ‘सकाळी बघू’ हा शब्दप्रयोग येथे कायमचा सुटतो.

दुभंगलेल्या ओठांच्या विभागात सुरीपेक्षा बोलणे अधिक शिकावे लागते. ओठ साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास शिवतात, टाळू वर्षाच्या आतबाहेर. पण तेथवर पोहोचण्यापूर्वी त्या आईला घरात काय काय ऐकावे लागलेले असते! ‘ग्रहणात भाजी चिरलीस’ हे बोल आम्ही महाराष्ट्रात ऐकले, आणि ग्रहणाचा दोष तमिळ आजीबाईंच्या तोंडूनही ऐकला. तिचा काही दोष नाही, हे सासरच्या माणसांदेखत तिला सांगणे, हा त्या उपचाराचा पहिला टाका होय.

आणि सौंदर्यशस्त्रक्रियेत निवासी डॉक्टर ‘नाही’ म्हणावयास शिकतो. आरशात दिसणारे दुःख नाकाचे आहे की मनाचे, हे ओळखता आले नाही, तर सुरी व्यर्थ. ज्याने भाजलेल्यांच्या वॉर्डात हिशेब शिकला, त्यालाच हे साधते. म्हणून फेऱ्यांमधील नावडती फेरी आधी आली, तर आम्ही ते भाग्य समजतो.

या सर्व फेऱ्यांची नोंद निवासी डॉक्टरला वहीत ठेवावी लागते. कोणती शस्त्रक्रिया पाहिली, कोणतीत साहाय्य केले, कोणती स्वहस्ते केली. शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे छायाचित्र हवेच. ही शिस्त परकी नाही. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी महाराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह जपलेल्या आहेत. १७९८ ते १८३२ गादीवर असलेल्या त्या मराठी राजाला रुग्णाचा कागद नीट ठेवण्याचे महत्त्व कळलेले होते.

परप्रांती शिकणाऱ्या मुलांविषयी एक गोष्ट. अखिल भारतीय प्रवेशामुळे विदर्भातील मुलगा चेन्नईला येतो आणि मदुरैची मुलगी नागपूरला जाते. इकडे आलेल्या मराठी निवासी डॉक्टरला तमिळमधील पहिला शब्द पुस्तक शिकवीत नाही, वॉर्ड शिकवितो. तो शब्द म्हणजे ‘वलिक्कुदा?’, दुखते का? दुसरा ‘तण्णी’, पाणी. रात्रीच्या पाळीची परिचारिका अक्का त्याचे उच्चार सुधारते. अशा मुलाला या मंडळाने सणावारी घरी जेवावयास बोलाविले, तर साडेअकरा वर्षांच्या त्या वाटेवर त्याला केवढा विसावा मिळेल! पुरणपोळी नसली तरी चालेल, वरणभात पुरे.

मंडळींकडे आमची दोन मागणी आहेत. पहिले मागणे घराचे आणि भट्टीचे. भाजले तर लगेच, वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. बांगड्या-अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप आणि बर्फ यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ सुती कापड गुंडाळून रुग्णालय गाठावे. गलाईच्या तेजाबाचा थेंब उडाला, तर कपडे काढून पाणी याहूनही अधिक वेळ चालू ठेवावे. डोळ्यात उडाला तर डोळा उघडा ठेवून धुवावा. यंत्रात बोट तुटले, तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोटाला बर्फ लागू देऊ नये. मघाचा गुणाकार आठवा. पहिली घटका निवासी डॉक्टरच्या हाती नसते, ती आपल्या हाती असते.

दुसरे मागणे अधिक अवघड आहे. ज्या मुलीच्या गालावर व्रण राहिला, तिला लग्नसमारंभात पहिल्या पंगतीला बसवा, दुकानात गल्ल्यावर बसवा. तिच्याकडे पाहून नजर वळवू नका आणि टक लावूनही पाहू नका. आमच्या शिक्षणात सर्व वॉर्डांच्या फेऱ्या होतात. रुग्णाची शेवटची फेरी मात्र आपल्या गल्लीत असते आणि तेथे आमची सुरी पोहोचत नाही.

आता त्या मातोश्रींना उत्तर. ताई, तुमच्या मुलीचे काही चुकलेले नाही. ती बदली नाही, गवयाची बैठक पक्की व्हावी तशी तिची बैठक तयार होत आहे. ती फोनवर थकलेली वाटली, तर ‘कोणत्या वॉर्डात आहेस?’ असे विचारू नका. ‘आज कोणाचे बरे झाले?’ असे विचारा. सांगावयास तिच्याजवळ नेहमी काहीतरी असेल.

समारोप करतो. कपाळावरून नाकावर आणलेली कातडी प्रथम जुन्या देठावर जगते. नव्या जागेचे रक्त तिच्यात खेळू लागले की देठ कापला तरी ती जिवंत राहते, आणि कपाळाची म्हणून तिची ओळखही पुसत नाही. एकोजीराजांबरोबर तंजावर प्रांती आलेल्या मराठी घराण्यांना येथे साडेतीनशे वर्षे होत आली. त्यांतीलच एका घराण्यात, याच कुंभकोणमात, १८२८ साली सर टी. माधवराव जन्मले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण झाले. आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. या मातीचे रक्त आपल्यात केव्हाच खेळू लागले आहे. ज्या मातीने आपल्याला जगविले, तिच्या भाजलेल्या लेकरांसाठी आपल्या घरातील एखादी मुलगी रात्र रात्र जागत असेल, तर त्या उसनवारीची फेड यथास्थित चालू आहे, असे आम्ही समजू.